नियम ज्याच्या हाती, महापौर त्याचा

डिसेंबर २०१९ मध्ये छत्तीसगडमधील दहा महानगरपालिकांच्या निवडणुका झाल्या आणि दहाही ठिकाणी काँग्रेसचा महापौर झाला. फेब्रुवारी २०२५ मध्ये त्याच दहा महानगरपालिकांच्या निवडणुका पुन्हा झाल्या आणि दहाही ठिकाणी भाजपचा महापौर झाला. रायपूर, बिलासपूर, दुर्ग, राजनांदगाव, कोरबा, रायगढ, जगदलपूर, धमतरी, अंबिकापूर आणि चिरमिरी ही ती दहा शहरे. पहिल्या वेळी राज्यात भूपेश बघेल यांचे सरकार होते, दुसऱ्या वेळी विष्णुदेव साय यांचे. लोकमत पालटते, सत्ता पालटते, यात वावगे काही नाही. परंतु या दोन निवडणुकांमध्ये आणखी एक गोष्ट पालटली, ती म्हणजे महापौर निवडण्याची पद्धत. २०१९ मध्ये निवडणुकीच्या तोंडावर थेट निवडणूक रद्द करून नगरसेवकांमधून महापौर निवडण्याची तरतूद आली. २०२४ च्या डिसेंबरात, पुन्हा निवडणुकीच्या तोंडावरच, ती रद्द होऊन थेट निवडणूक परत आली. मतदानाचे साधनही बदलले. २०१९ मध्ये कागदी मतपत्रिका होती, २०२५ मध्ये मतदान यंत्र आले.

मी केंद्र सरकारच्या सेवेत आहे आणि नोकरीच्या निमित्ताने भिलाईतील कोहका भागात राहतो. केंद्रीय नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९६४ प्रमाणे आम्हां मंडळींना राजकारणात भाग घेता येत नाही आणि ते योग्यच आहे. तेव्हा कोणता पक्ष बरा आणि कोणता वाईट, हा या लेखाचा विषय नाही. निवडणुकीचे नियम कोणी ठरवावेत, केव्हा ठरवावेत आणि ते कोणत्या निवडणुकीपासून लागू व्हावेत, एवढाच माझा प्रश्न आहे. तो मांडताना एखाद्याच पक्षाकडे बोट दाखवण्याची सोयही नाही, कारण छत्तीसगडमध्ये आणि आपल्या महाराष्ट्रात सर्वांनी आळीपाळीने तेच केलेले आहे.

प्रथम कोहक्याविषयी थोडे सांगतो. महाराष्ट्रात बसून भिलाई म्हटले की पोलाद कारखाना, रुंद रस्ते आणि आखीव वसाहत डोळ्यांसमोर येते. ती भिलाई खरी आहे, पण अर्धीच. कारखान्याच्या वसाहतीत पाणी, वीज, रस्ते हे सारे कारखान्याचा नगरसेवा विभाग पाहतो. तेथील रहिवाशाला महानगरपालिकेत कोण निवडून आले याने फारसा फरक पडत नाही. कोहका, सुपेला, कुरूद ही मूळची गावे. कारखाना उभा राहिला, माणसे आली, गावांच्या शेतांवर घरे उठली आणि गावे शहरात विरघळली. येथे नळाला येणारे शिवनाथेचे पाणी महानगरपालिकेचे, नाली तिची, दिवाबत्ती तिची. (नगरसेवकाला येथे पार्षद म्हणतात आणि गटाराला नाली, इतकी वर्षे येथे राहिलेली मराठी कुटुंबेही आता तेच शब्द वापरतात.) राशन कार्ड असो, रहिवासाचा दाखला असो, घराचा नकाशा असो, माणूस आधी पार्षदाच्या दारी जातो. म्हणून शहराच्या एका भागात जी निवडणूक केवळ बातमी असते, ती दुसऱ्या भागात रोजच्या जगण्याचा भाग असते. नियमांच्या खेळाची किंमत कोण मोजतो, हे पाहायचे असेल तर कोहक्यासारखी वस्ती पाहावी.

आता या नियमाचे महत्त्व समजण्यासाठी एक फरक ध्यानात घ्यायला हवा. महाराष्ट्रात महापौर हे मानाचे पद आहे. कार्यकारी अधिकार आयुक्तांकडे आणि आर्थिक निर्णय बहुतांशी स्थायी समितीकडे असतात. अविभाजित मध्य प्रदेशाने वेगळी वाट धरली आणि तीच छत्तीसगडकडे वारशाने आली. येथे ‘महापौर परिषद’ असते. महापौर स्वतः तिचे सदस्य नेमतो, आणि मंत्रिमंडळासारखी ती खर्चाचे व कामांचे निर्णय घेते. सभागृहाचे कामकाज चालवण्यासाठी सभापती वेगळा निवडला जातो. एवढे अधिकार ज्या पदाला आहेत, त्या पदावरच्या व्यक्तीला नागरिकांनी थेट निवडावे, हे त्या रचनेला धरूनच होते. थेट निवडीबरोबर परत बोलावण्याचा अधिकारही कायद्यात होता आणि तो केवळ शोभेचा नव्हता. २००८ मध्ये गुंडरदेही, नवागढ आणि राजपूर या तीन नगरपंचायतींच्या अध्यक्षांना मतदारांनी मुदतीपूर्वी पायउतार केले. भारतात असे प्रसंग फार थोडे आहेत. महापौर नगरसेवकांनी निवडायचा म्हटल्यावर मतदाराचा हा अधिकारही निरर्थक होतो.

थेट निवडणुकीच्या त्या वर्षांत मतदार कसा वागला? राज्यात भाजपची सत्ता असताना भिलाईने २०१० आणि २०१५ या दोन्ही खेपांना काँग्रेसचा महापौर निवडला. दुसऱ्या खेपेला निवडून आलेले देवेंद्र यादव तेव्हा जेमतेम पंचवीस वर्षांचे होते. त्याच काळात कोहका ज्या वैशालीनगर विधानसभा मतदारसंघात मोडते, त्याने २०१३ आणि २०१८ मध्ये भाजपच्या विद्यारतन भसीन यांना आमदार केले. ते पूर्वी भिलाईचे महापौर राहिलेले होते. रायगढच्या मतदारांनी तर २०१५ च्या जानेवारीत दोन्ही मोठ्या पक्षांना बाजूला सारून मधू किन्नर या अपक्ष, तृतीयपंथी उमेदवाराला महापौर केले. मतदार अडाणी असतो, लाटेबरोबर वाहतो, असे म्हणणाऱ्यांनी ही उदाहरणे पाहावीत. राज्याला कोण हवा आणि शहराला कोण हवा हा भेद त्याला चांगला कळतो. तो भेद करण्याची संधी नियमांनी त्याला ठेवली पाहिजे.

२०१९ च्या बदलाने नेमके काय झाले, हे अर्थशास्त्राच्या साध्या भाषेत सांगता येईल. भिलाई महानगरपालिकेत सत्तर वॉर्ड आहेत. महापौर थेट निवडायचा असेल तर मतदार लाखांच्या घरात असतात. त्यांतल्या प्रत्येकाचे मन वळवणे महाग पडते आणि कोणी काही गैरमार्गाने देऊ केले तरी ते मत पडलेच याची शाश्वती नसते. महापौर पार्षदांनी निवडायचा असेल तर बाजारात गिऱ्हाईक सत्तरच, आणि हवेत फक्त छत्तीस. त्यातले तीस आपल्या पक्षाचे असतील, तर उरलेल्या सहांचा भाव काय होईल? अपक्ष पार्षदाला अचानक अवास्तव महत्त्व येते, आणि ज्याच्याकडे राज्याची तिजोरी व नगरविकास खाते आहे, त्याच्याकडे देण्यासारखे पुष्कळ असते. कोरब्यात २०१९ च्या निवडणुकीत भाजपचे पार्षद काँग्रेसपेक्षा अधिक होते, तरी महापौर काँग्रेसचा झाला. यात बेकायदेशीर काहीही नाही. आघाड्या करणे हा सभागृहाचा हक्कच आहे. पण दहापैकी दहा हा आकडा केवळ लोकप्रियतेने आला असे मानणे भाबडेपणाचे होईल. राज्यातील सत्तेचा गुरुत्वाकर्षणासारखा ओढा असतो आणि मतदारसंघ जितका लहान, तितका तो अधिक जाणवतो.

येथे न्यायाने दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. नगरसेवकांमधून महापौर निवडण्यातही गुण आहेत. थेट निवडलेला महापौर एका पक्षाचा आणि सभागृह दुसऱ्याचे, असे झाले की पाच वर्षे ओढाताणीत जातात. रायपूरने २०१० नंतर हे पाहिले. महापौर काँग्रेसचा आणि सभापती भाजपचा अशी तेथे रचना होती. अप्रत्यक्ष पद्धतीत असा पेच कमी येतो. जगातील कितीतरी चांगल्या नगरपालिका त्या पद्धतीने चालतात. विद्वानांनी दोन्ही बाजूंनी पुष्कळ लिहिले आहे आणि मला विचाराल तर दोन्ही पद्धती चालवून घेता येतील. चालवून घेता येत नाही ती एकच गोष्ट. ज्याला ज्या वेळी जी पद्धत सोयीची, ती त्याने त्या वेळी आणावी, हे शासनशास्त्रात बसत नाही. क्रिकेटमध्ये पंचांचा निर्णय चुकला तर खेळाडू तो सोसतात, कारण नियम दोघांना सारखा असतो. नाणेफेक जिंकणाऱ्याने सीमारेषाच सरकवली तर कोण खेळेल?

पक्षांची मोडतोड आणि जुळवाजुळव हा या लेखाचा दुसरा धागा. या भूभागाला ती नवी नाही. आज आपण छत्तीसगड म्हणतो तो प्रदेश १९५६ पर्यंत नागपूर राजधानी असलेल्या मध्य प्रांतात होता. १९३८ च्या जुलैत त्या प्रांताचे प्रधानमंत्री डॉ. ना. भा. खरे यांनी राजीनामा देऊन, रविशंकर शुक्ल आणि द्वारकाप्रसाद मिश्र यांच्यासारख्या महाकोशलच्या मंत्र्यांना वगळून नवे मंत्रिमंडळ बनवले. काँग्रेसश्रेष्ठींनी ते मोडून काढले आणि शुक्ल प्रधानमंत्री झाले. नागपुरातील मराठी घरांमध्ये त्या प्रकरणाची चर्चा पुढे कितीतरी वर्षे होत असे. पुढे १९६७ मध्ये याच द्वारकाप्रसाद मिश्रांचे मध्य प्रदेशातील सरकार गोविंद नारायण सिंह यांच्या नेतृत्वाखाली ३६ काँग्रेस आमदार फुटल्याने कोसळले. १९६९ च्या मार्चमध्ये सारंगढचे राजे नरेशचंद्र सिंह मुख्यमंत्री झाले आणि दोन आठवडेही पुरे होण्याआधी पायउतार झाले. ‘आयाराम-गयाराम’ हा शब्द हरियाणाने दिला असला, तरी त्या वर्षांत मध्य प्रदेश त्याहून फार मागे नव्हता.

नव्या छत्तीसगड राज्याची सुरुवातही अशीच झाली. डिसेंबर २००१ मध्ये भाजपच्या ३६ आमदारांपैकी १२ जण काँग्रेसमध्ये गेले. बारा हा आकडा योगायोगाचा नव्हता. १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यात तेव्हा एक तृतीयांश सदस्य फुटले तर अपात्रता येत नसे, आणि छत्तिसाचा एक तृतीयांश बारा. त्यांचे नेते तरुण चटर्जी आमदार होते आणि रायपूरचे महापौरही होते. २००३ मध्ये घटनेच्या ९१ व्या दुरुस्तीने ही एक तृतीयांशाची पळवाट बुजवली. त्याच वर्षीच्या विधानसभा निवडणुकीत चटर्जी पराभूत झाले. कायद्याने जे काम उशिरा केले, ते मतदाराने आपल्या पद्धतीने वेळेवर केले.

परंतु घटनेच्या दहाव्या परिशिष्टाची व्याप्ती संसद आणि विधिमंडळांपुरतीच आहे. महानगरपालिकांचा विषय राज्यांवर सोडलेला आहे. २०२३ मध्ये छत्तीसगडमधील सरकार बदलल्यावर काही महिन्यांतच जगदलपूरच्या काँग्रेसच्या महापौर सफिरा साहू आपल्या काही पार्षदांसह भाजपमध्ये गेल्या आणि पदावर कायम राहिल्या. व्यक्तीला पक्ष बदलण्याचे स्वातंत्र्य आहे, हे मान्य. पण ज्यांनी महापौर निवडला ते पार्षद एका चिन्हावर निवडून आले होते, आणि त्या चिन्हावर शिक्का मारणाऱ्या मतदाराला या व्यवहारात कोणीच काही विचारले नाही.

पक्षांतराचा सारा इतिहास असाच आहे, असे मात्र नाही. दुर्गचेच एक उदाहरण वेगळे आहे. ताराचंद साहू हे १९९६ पासून सलग चार वेळा भाजपचे खासदार होते. २००९ मध्ये पक्षाशी बिनसल्यावर ते अपक्ष म्हणून लोकसभेला उभे राहिले आणि तिसऱ्या क्रमांकावर राहिले. पुढे त्यांनी छत्तीसगड स्वाभिमान मंच उभा केला. त्यांचे राजकारण पटो वा न पटो, ते मतदारापुढे गेले आणि मतदाराने त्यांना निवाडा दिला. त्या निवडणुकीत विजयी झालेल्या सरोज पांडे तर त्या वेळी दुर्गच्या महापौर, वैशालीनगरच्या आमदार आणि निवडून आलेल्या खासदार अशा तिन्ही होत्या. त्यांनी आमदारकी सोडल्यावर वैशालीनगरची पोटनिवडणूक झाली, तीत काँग्रेसचे भजनसिंह निरंकारी विजयी झाले. एका वर्षाच्या आत त्याच मतदारांनी दोन वेगळे कौल दिले. पक्षांची उलथापालथ चालू असताना लोकशाही अशीच चालायला हवी. नेत्यांनी हवे तिथे जावे, पण वाटेत मतदाराचे दार लागले पाहिजे.

अर्थशास्त्रज्ञ अँथनी डाउन्स यांनी १९५७ मध्ये लोकशाहीच्या आर्थिक सिद्धांतावर पुस्तक लिहिले. त्यांचे एक म्हणणे येथे उपयोगी पडते. सामान्य मतदाराला प्रत्येक उमेदवाराची पूर्ण माहिती काढणे परवडत नाही. म्हणून पक्षाचे नाव आणि चिन्ह हे त्याच्यासाठी माहितीचे संक्षिप्त रूप असते, जसा खाद्यतेलाच्या डब्यावरील छाप. कोहक्यातील बांधकामावरचा मजूर पाच उमेदवारांची पत्रके वाचत बसत नाही, तो चिन्ह ओळखतो. पक्ष फुटू लागले, एकाच नावाचे दोन पक्ष झाले, काल ज्याला शिव्या दिल्या त्याच्याच मांडीला मांडी लावून नेता आज बसला, की त्या छापाचा अर्थ संपतो. मग मतदार दुसरे आधार शोधतो, म्हणजे जात, गल्ली, ओळख, आणि कधीकधी हातात पडलेली नोट. अशा काळात नियम तरी स्थिर असावे लागतात. छाप विश्वसनीय नाही आणि वजनकाटाही रोज बदलतो, अशा बाजारात गिऱ्हाईक जाणार कशाला?

हा प्रश्न केवळ छत्तीसगडचा असता तर परप्रांतातील गोष्ट म्हणून महाराष्ट्रातील वाचकांनी सोडून दिला असता. पण आपल्याकडची यादी अधिक लांब आहे. नगराध्यक्षाची थेट निवडणूक २००१ मध्ये आली, २००६ मध्ये गेली, २०१६ मध्ये परत आली, २०२० मध्ये पुन्हा गेली आणि २०२२ मध्ये पुन्हा आली. महानगरपालिकांत २०१७ मध्ये चार सदस्यांचा प्रभाग होता. महाविकास आघाडीच्या सरकारने तो आधी एका सदस्याचा केला, मग तीन सदस्यांचा केला. २०२२ च्या ऑगस्टमध्ये नव्या सरकारने पुन्हा २०१७ ची रचना आणली. मुंबईत २२७ प्रभागांचे २३६ झाले आणि पुन्हा २२७ झाले. २०२२ च्या मार्चमध्ये कायदा करून प्रभागरचनेचा अधिकारच राज्य निवडणूक आयोगाकडून राज्य सरकारकडे घेण्यात आला. यातील एकेका निर्णयाला काही ना काही कारण सांगितले गेले. सारे निर्णय एका ओळीत मांडले की त्यांतले समान सूत्र दिसू लागते.

त्यापेक्षाही गंभीर गोष्ट निवडणुकीच्या तारखेची. घटनेच्या अनुच्छेद २४३-यू प्रमाणे नगरपालिकेची मुदत पाच वर्षे, आणि ती संपण्यापूर्वी नवी निवडणूक पूर्ण झाली पाहिजे. मुंबई महानगरपालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. निवडणूक १५ जानेवारी २०२६ रोजी झाली. नवी मुंबई, कोल्हापूर, कल्याण-डोंबिवली, औरंगाबाद (आता छत्रपती संभाजीनगर) आणि वसई-विरार येथे तर २०२० पासून प्रशासक होते. कारणे होती, हे खरे. आधी करोना, मग इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणासंबंधी मार्च २०२१ चा सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय, त्यातील त्रिस्तरीय कसोटी, बांठिया आयोग, मग ‘जैसे थे’चा आदेश. शेवटी ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयालाच चार महिन्यांत निवडणुका घ्या असे सांगावे लागले, आणि त्यालाही पुढे मुदतवाढ मिळाली. पण या चार वर्षांत राज्यात काय घडत होते, तेही आठवावे. २०२२ च्या जूनमध्ये शिवसेना फुटली, २०२३ च्या जुलैमध्ये राष्ट्रवादी काँग्रेस फुटली. पक्ष कोणाचा, चिन्ह कोणाचे, याचे निवाडे निवडणूक आयोगाने, विधानसभाध्यक्षांनी आणि न्यायालयाने दिले. गल्लीतील मतदाराचे सर्वांत जवळचे आणि सर्वांत स्वस्त न्यायालय म्हणजे नगरपालिकेची निवडणूक, आणि नेमके तेच त्या काळात बंद होते.

महाराष्ट्रात १९८६ पासून स्थानिक प्राधिकरण सदस्य अनर्हता अधिनियम आहे, म्हणजे पक्षांतरबंदीचा कायदा नगरसेवकांनाही लागू आहे. तरीही २०२५ च्या डिसेंबरातील नगरपरिषद निवडणुकांनंतर अंबरनाथमध्ये काय झाले, ते वाचकांना आठवत असेल. भाजप आणि काँग्रेसचे नगरसेवक एकत्र आले. काँग्रेसने आपल्या नगरसेवकांना निलंबित केले, तेव्हा ते भाजपमध्येच गेले. तेव्हा छत्तीसगडमध्येही असा कायदा आणला की सारे सुरळीत होईल, असे मी म्हणणार नाही. कायदा असावा, पण त्याच्यावर सारा भार टाकू नये. पक्ष जुळतील आणि तुटतील. माणसांचे स्वभाव आणि आकांक्षा कायद्याने बांधता येत नाहीत. कायद्याने बांधता येतात त्या तारखा, सीमा आणि पद्धती.

प्रशासकाची राजवट काय वाईट, असाही एक प्रश्न मला सहकारी विचारतात. आम्हां अधिकाऱ्यांना तो विचार मोहक वाटतो, हे खरे आहे. ठराव अडत नाहीत, निविदा लवकर सुटतात, सभागृहात गोंधळ होत नाही. भिलाईतही २०२१ च्या जानेवारीपासून वर्षअखेरीपर्यंत निवडून आलेली परिषद नव्हती. शहर चालले नाही असे नाही. पण अधिकारी कोणाला उत्तर देतो? तो वरिष्ठांना उत्तर देतो. त्याच्यापुढे अहवाल असतो, आणि अहवालात सरासरी असते. शहराला दरडोई किती लिटर पाणी मिळते हे सरासरी सांगते. कोहक्याच्या शेवटच्या गल्लीत नळ तीन दिवसांआड येतो की रोज येतो, हे सरासरी सांगत नाही. ते पार्षद सांगतो, कारण सांगितले नाही तर ती गल्ली पुढल्या खेपेस त्याला सांगते. हा दाब अधिकाऱ्यावर येत नाही. तो कितीही प्रामाणिक असला तरी त्याला ही माहिती मिळण्याची यंत्रणाच नसते. लोकप्रतिनिधी गैरहजर असण्याची खरी किंमत हीच आहे, आणि ती कोणत्याही ताळेबंदात दिसत नाही.

मग करावे काय? मोठ्या घटनादुरुस्तीची गरज आहे असे मला वाटत नाही. तीन साध्या गोष्टी पुरेशा आहेत. पहिली, महापौर वा नगराध्यक्ष निवडण्याची पद्धत आणि प्रभागातील सदस्यसंख्या यांत केलेला कोणताही बदल येऊ घातलेल्या निवडणुकीला लागू करू नये, त्यानंतरच्या निवडणुकीला लागू करावा. पाच-सहा वर्षांनंतर सत्ता कोणाची असेल हे कोणालाच ठाऊक नसते. म्हणून त्या वेळचा नियम ठरवताना प्रत्येक पक्षाला, आपण उद्या विरोधात असू शकतो, हे धरूनच विचार करावा लागेल. घरात केक कापणाऱ्या मुलाने शेवटचा तुकडा घ्यायचा, असा नियम आया करतात, त्यातले शहाणपण हेच आहे. दुसरी, प्रभागांच्या सीमा आखणे आणि आरक्षणाची सोडत काढणे हे काम संपूर्णपणे राज्य निवडणूक आयोगाकडे असावे. लोकसभा आणि विधानसभेच्या मतदारसंघांची आखणी स्वतंत्र परिसीमन आयोग करतो, मग शहराच्या वॉर्डांची आखणी मंत्रालयाने का करावी? तिसरी, मुदत संपण्यापूर्वी वर्षभर आधी आयोगाने निवडणुकीचे वेळापत्रक जाहीर करावे आणि त्या दिवशी जो नियम, जी सीमा, जे आरक्षण अस्तित्वात असेल, त्यावरच निवडणूक व्हावी. वाद न्यायालयात चालू राहावेत, निवडणूक थांबू नये.

हे करायला कोणत्याही पक्षाने त्याग करण्याची गरज नाही. आज सत्तेत असलेल्याला हे गैरसोयीचे वाटेल, पण उद्या तोच विरोधात बसेल तेव्हा यानेच त्याचे रक्षण होईल. २०१९ मध्ये दहा महापौर मिळवणारा पक्ष २०२५ मध्ये एकही मिळवू शकला नाही. आज दहा असलेल्याने त्या आकड्याकडे पाहून थोडा विचार करावा.

भिलाईच्या परिषदेची निवडणूक २०२१ च्या डिसेंबरात अप्रत्यक्ष पद्धतीने झाली आणि काँग्रेसचे नीरज पाल महापौर झाले. तिची पाच वर्षे २०२७ च्या प्रारंभी भरतात. म्हणजे एका नियमाने बसलेली परिषद दुसऱ्या नियमाने बदलली जाणार, आणि तोवर तिसरा नियम येणार नाही याची हमी कोणी दिलेली नाही. येथील मराठी माणसे दुर्ग, राजनांदगाव, रायपूर, बिलासपूर येथे भोसल्यांच्या काळापासून आहेत; कारखान्यामुळे आलेली त्यामानाने नवी. कुठल्याही वॉर्डात आपली संख्या एवढी नाही की कोणी आपल्याकडे मतपेढी म्हणून पाहावे. म्हणूनच स्थिर नियमांची गरज आपल्याला इतरांहून अधिक आहे. ज्यांच्याकडे संख्या नाही, ओळख नाही आणि सौदा करायला काही नाही, त्यांच्या हाती एक मत असते आणि ते कोणत्या नियमाने मोजले जाणार हे आधी कळण्याचा हक्क असतो. निवडणूक जवळ आली की मंडळाच्या बैठकीत उमेदवारांची चर्चा होतेच. या वेळी त्यांना एक प्रश्न अवश्य विचारावा. तुम्ही निवडून आलात, तर पुढल्या निवडणुकीचा नियम बदलण्याआधी आम्हांला विचाराल का?